हो, नाही आणि बारुत

४ सप्टेंबर, रविवार

वेलाची चप्पल पुन्हा गेली. डावीच! उजवीला आमचा कुत्रा, बारुत, हुंगतसुद्धा नाही. सकाळीच कुंपणापाशी येऊन शेजारीणबाई ओरडल्या, "दाफिनका, तुझ्या त्या दरोडेखोराला आवर! सगळ्या गावात मीच एका पायाची उरलेय!" म्हटलं, सापडली की देते. शोधायची कशाला, माझ्या नवऱ्याच्या, मेतोदीच्या, मांडीवरच होती. बारुत चोरून आणतो आणि मालकाच्या मांडीवर नेऊन ठेवतो. चाकाच्या खुर्चीखाली आजवर चार निघाल्या. चौथी कोणाची ते अजून कळलेलं नाही.

मेतोदी हसला. एप्रिलमध्ये अर्धांगाचा झटका आल्यापासून हसताना तोंडाची एकच बाजू वर जाते. तेवढी तर तेवढी.

६ सप्टेंबर

दिवसभर लाल ढोबळ्या मिरच्या भाजल्या. हात, डोळे, केस — सगळ्याला धूर. सोलून परातीत ठेवल्या आणि मीठ आणायला आत गेले, तर परतेपर्यंत अर्धी परात साफ! झाडू घेऊन धावले. अंगणात मेतोदी एकटाच, ऊन खात बसलेला. विचारलं, "तो चोर इकडे आलाय?" मेतोदीने मान खाली-वर केली, अगदी गंभीरपणे. नाही म्हणे! आणि खुर्चीच्या चाकातून शेपूट बाहेर, तीही हलतेय!

खोटारडे आहेत दोघं. हसून हसून माझ्या हातातला झाडू पडला.

८ सप्टेंबर

क्रासीचा जर्मनीहून फोन. "आई, बाबा काही बोलतात का?" आता किती वेळा सांगायचं? डॉक्टरांनी मे महिन्यातच सांगितलं, बोलणं परत यायचं नाही, उजवा हातही नाही. एवढा बोलका माणूस — आता त्याच्याजवळ दोनच शब्द उरले. मान आडवी हलवली की हो. खाली-वर केली की नाही. आणि तोंडातून एक आवाज, "बा". तो बारुतसाठी. मला काही तो हाक मारत नाही!

तसं पाहिलं तर खाणीतही तो तोंडाने कुठे बोलायचा. चाळीस वर्षं सुरुंग लावले. त्या आवाजात कोण कोणाचं ऐकणार? सगळे त्याच्या मानेकडे बघायचे. मान खाली-वर, म्हणजे कोणीही पुढे यायचं नाही. चाळीस वर्षांत एका माणसाला खरचटलं नाही. कुत्र्याचं नाव बारुत, म्हणजे सुरुंगाची दारू, तेही त्याच खाणीवरून पडलं.

मग फोनवर युटा आली, आमची सून. मोडकंतोडकं बोलते, गोड बोलते. ती पहिल्यांदा या घरी आली तेव्हाची गोष्ट आठवली. मी चीज भरलेली बानित्सा वाढत होते. "आणखी?" म्हटलं की ती मान खाली-वर करायची, मी मुकाट्याने ताट उचलायची. तीन दिवस! चौथ्या दिवशी क्रासीला खोलीत रडून म्हणाली, तुझ्या आईला मी आवडत नाही, ती मला पोटभर जेवू देत नाही. तिच्याकडे खाली-वर म्हणजे हो! अजून मला चिडवते, तुमच्या माना उलट्या चालतात म्हणून. उलट्या तुमच्या, म्हणते मी.

११ सप्टेंबर

आजचं आधी लिहून ठेवते.

बारुत रोजच्यासारखा मेतोदीच्या उजव्या हाताखाली डोकं घालून बसला होता. त्या मेल्या हाताखालीच बसतो, चांगल्या हाताकडे जात नाही. मी घेवडा निवडत होते. सहज वर बघितलं तर तर्जनी हलत होती. कानामागे. हळूहळू, पण खाजवत होती!

मी घेवडा टाकून धावले. "मेतोदी, तूच हलवलंस ना ते बोट?" मान आडवी. हो. आणि डोळ्यांत पाणी. मी बारुतचं तोंड धरून मुका घेतला. मिरच्यांचा वास येत होता त्याला.

१२ सप्टेंबर

आज नाही हललं. बारुतला सांगितलं, उद्या पुन्हा बस.

१९ सप्टेंबर

दोन बोटं! मालीश करणारी नर्स म्हणाली, आजी, कोणता व्यायाम देता? मी बारुतकडे बोट दाखवलं. त्या वेळी तो तिच्या पिशवीत तोंड घालून तिचा पाव खात होता.

वेला म्हणते, "त्या कुत्र्याला आता डॉक्टरचा पगार द्या. आणि माझी चप्पल द्या."

२६ सप्टेंबर

द्राक्षांची ट्रॉली. आमच्याच गल्लीत. बारुत वेलाची नवी चप्पल तोंडात धरून धावत आला आणि सरळ मागच्या चाकाखाली.

मागचा पाय चिरडलाय. कंबरही. ओरडला नाही फार. चप्पल तोंडातून सोडेना. वेला रस्त्यात बसून रडत होती, "अरे घे रे, तुलाच घे, दोन्ही घे!"

२७ सप्टेंबर

जनावरांचा डॉक्टर चाळीस किलोमीटरवर, आणि तोही रजेवर. परवा वाचनालयाच्या अंगणात परदेशी डॉक्टर येणार आहेत, भटक्या कुत्र्यामांजरांच्या नसबंदीसाठी. सरपंचबाई म्हणाल्या, त्यांना दाखवा. दोन दिवस काढायचे.

बारुतला मेतोदीच्या खुर्चीशेजारी गोधडीवर ठेवलंय. मेतोदी डाव्या हाताने उजवा हात उचलतो आणि त्याच्या डोक्यावर ठेवतो. सकाळपासून ढकलगाडीकडे बोट दाखवतोय. "परवा तूही येणार का?" मान आडवी, जोरात. बरं बाबा, चल.

२९ सप्टेंबर

बारुत गेला.

३० सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहून काढते.

वेलाच्या भाच्याने ढकलगाडीतून बारुतला नेलं, मी मेतोदीची खुर्ची ढकलली. अंगणात गर्दी, पिंजरे, मांजरांचा आकांत. उंच डॉक्टरीणबाई, उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातल्या. आपली भाषा येत नाही, पण हात फार मऊ. आपल्याच गावची, शहरात कॉलेजला असलेली रालित्सा मध्ये दुभाषी. डॉक्टरीण बघून म्हणाल्या, दोन मार्ग आहेत. पाय काढून टाकू, तीन पायांवर कदाचित जगेल, कदाचित टेबलावरच जाईल. नाहीतर सुई देऊन झोपवू. मालकांनी ठरवायचं.

मी म्हटलं, पाय काढा! तीन पायांवरही चपला पळवेल तो! तर म्हणाल्या, लसींची वही दाखवा, त्याशिवाय भूल देता येत नाही. वही घरी! मी रालित्साला बजावलं, "मी येईपर्यंत कुणी काही करू नका." आणि धावले. वही सापडेना. कपाटात नाही, पेटीत नाही. शेवटी पिठाच्या डब्यामागे सापडली. बारुतनेच कधीतरी कोपरा खाल्लेला.

परत गेले तर त्याच्यावर चादर.

रालित्सा म्हणाली, "काकू, त्याचा श्वास एकदम बिघडला. थांबता येत नव्हतं. मीच काकांना विचारलं, झोपवायचं का? काका हो म्हणाले." डॉक्टरीणबाईंनी माझे हात धरले, काहीतरी बोलल्या. रालित्साने सांगितलं, त्या म्हणतात तुमचे यजमान फार धीराचे, लगेच ठरवलं त्यांनी. खूप रडले. बा बा करत होते. म्हणून त्यांचा हात कुत्र्यावर ठेवला आणि मगच सुई दिली.

मेतोदी हो म्हणाला! मी दहा मिनिटांवर होते. दहा मिनिटं!

अक्रोडाखाली पुरला. वेलाने चपलांचा नवा जोड त्याच्यासोबत पुरायला दिला. वर दगड ठेवलाय.

३ ऑक्टोबर

मिरच्यांच्या बरण्या भरल्या. परात कुणी चाटली नाही.

६ ऑक्टोबर

त्याला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलंच. "का म्हणालास हो? माझी वाट का नाही बघितलीस?" मान खाली-वर, खाली-वर, खाली-वर. नाही. हा विषयच नको म्हणे!

बरं. नको तर नको.

१० ऑक्टोबर

बोटं हलत नाहीत. नर्स म्हणाली, आजी, मागे गेलो आपण.

त्याला भरवते, पुसते, कूस बदलते. बोलत नाही. मला माहीत आहे हे वाईट आहे. पण त्याच्याकडे बघितलं की मला तो दिवस दिसतो. ज्या कुत्र्याने तुझा हात जागा केला त्याला तू दहा मिनिटं देऊ शकला नाहीस! मी तुला सहा महिने देतेय.

हे लिहायला नको होतं. खोडणार नाही.

१७ ऑक्टोबर

सरपण उपसताना खाली चपला सापडल्या. सात. सगळ्या डाव्या! त्यातली एक पोपची, म्हणजे आमच्या चर्चच्या पाद्रीबाबांची. काळी, चांगल्या चामड्याची. हसू आलं आणि लगेच रडू.

वेलाला तिच्या तीन द्यायला गेले. घेईना. म्हणाली, "असू दे. दाफिनका, एक विचारू? तू मेतोदीशी का बोलत नाहीस?"

"बोलते की. जेव म्हणते, झोप म्हणते."

"त्याला बोलणं म्हणतात होय! माझा म्हातारा जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्याच्याशी याहून जास्त बोलते."

मी चपला कुंपणावर ठेवून घरी आले.

२३ ऑक्टोबर

आज भांडले. शब्द आहेत म्हणून मी भांडले, तो काय भांडणार!

सूप भरवताना त्याने तोंड फिरवलं, खिडकीतून अक्रोडाकडे बघत "बा… बा…" सुरू केलं. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. चमचा आपटला. म्हटलं, "आता कशाला हाका मारतोस? तुझ्याच हाताखाली गेला तो! तूच परवानगी दिलीस!"

मान खाली-वर. नाही. नाही. नाही. सूप मानेवरून खाली ओघळलं तरी थांबेना.

म्हणजे आता नाकबूल! साक्षीला डॉक्टरीण आहे, रालित्सा आहे, आणि हा म्हणतो मी नाही म्हणालो! मी तोंडावर म्हटलं, "खोटारडा."

मिरच्यांच्या दिवशीही म्हटलं होतं. तेव्हा हसला होता.

२४ ऑक्टोबर

जेवला नाही.

२५ ऑक्टोबर

आजही नाही. दूध दोन घोट. क्रासीला फोन करू का? काय सांगू, की मी तुझ्या बापाला बोलले?

१ नोव्हेंबर

थोडं खाल्लं. माझ्याकडे बघत नाही. "बा" म्हणणंही बंद केलंय. घर इतकं शांत की वेलाच्या घड्याळाचे ठोके इथे ऐकू येतात.

मी माफ करायचा प्रयत्न करतेय, खरंच करतेय. आज त्याची नखं कापताना उजवा हात माझ्या गुडघ्यावर होता. म्हटलं, हलव, मी विसरून जाईन सगळं. नाही हलला.

९ नोव्हेंबर

पोस्टाने पाकीट आलं, बाहेरच्या देशाचं. डॉक्टरीणबाईंचं. आत बारुतचा फोटो, ढकलगाडीतला, कान उभा करून कॅमेऱ्याकडे बघतोय, कॅमेरा खाता येईल का असं. आणि पानभर पत्र, एक अक्षर कळत नाही. रालित्सा शनिवारी येते, तिच्याकडून वाचून घेईन.

फोटो मेतोदीपुढे धरला. डोळे मिटून घेतले त्याने.

१२ नोव्हेंबर

रालित्सा वाचून दाखवत होती. "तुमच्या यजमानांना मी विसरणार नाही. झोपवायचं का असं विचारल्यावर ते सरळ माझ्या डोळ्यांत बघत होते. तीन वेळा त्यांनी मान खाली-वर केली. इतक्या ठामपणे…" आणि पुढे तिला वाचवेना. पांढरीफटक पडली. "काकू, मी मांजर धरून होते. माझी पाठ होती. मी फक्त विचारलं. मान बघितली ती डॉक्टरीणबाईंनी."

खाली-वर.

मी आत गेले. त्याच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसले. म्हटलं, "मेतोदी, तू नाही म्हणाला होतास?"

मान आडवी. हो. मी दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, तरी माझ्या हातांत हलतच राहिली.