मागचे दोन शॉकर

अण्णा, काल मी घरच्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकर बदलले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही, आणि लिहायला बसलो तर हे! माझ्यासारख्या मिस्त्रीने शॉकर बदलले यात सांगण्यासारखं काय आहे? पण ही गाडी तुमच्या सुनेची आहे. म्हणजे कागद माझ्या नावावर, पण घेतली तिच्यासाठी, आणि पावसाळा सरल्यापासून दर बुधवारी ती याच गाडीच्या मागच्या सीटवर पाय दुमडून, आडवी पडून इंदूरला जाते आहे. तिच्या मणक्यात कॅन्सर उतरला आहे. आधी छातीत होता, काढून टाकला, गेला असं वाटलं, तर पाठीत जाऊन बसला. दर बुधवारी सलाइन लावतात. परवा परत आल्यावर ती उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "आता मी नाही येणार. मला या गाडीत परत घालू नका." ती गेली नाही तर काय होईल ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. तिला कोणी सांगितलं नाही, पण तिला माहीत आहे. म्हणून शॉकर.

तुमची एक सवय होती, आपला सगळा शनवारा मोहल्ला त्यावर हसायचा. गाडी तयार झाली की चावी माझ्याकडे फेकायची आणि स्वतः मागे जाऊन बसायचं. हात ग्रीसने काळे, अंगात तीच फाटकी खाकी, आणि बसणं असं की जणू लग्नाला निघालेत. लोक म्हणायचे, "क्या मिस्त्री, आज तो सेठ बन गये!" तुम्ही लक्ष द्यायचा नाहीत. मला म्हणायचात, पुढे बसणाऱ्याला गाडी कळत नाही. त्याच्या हातात स्टेअरिंग असतं, खड्डा त्याला आधी दिसतो, तो अंग सावरून घेतो. मागच्याला काही दिसत नाही, तो नुसता मार खातो. मला तेव्हा हे सगळं नाटक वाटायचं. मी तेविशीतला, नवंनवं लग्न झालेलं, मला सगळंच येत होतं.

एकदा तुम्ही बाजाराला गेला होतात आणि एक रिटायर गुरुजी गाडी न्यायला आले. मी मागे न बसताच देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी गुरुजी परत. त्यांची म्हातारी आई मागे बसली होती, तिची कंबर धरली होती. तुम्ही ओरडला नाहीत. मला त्याच गाडीत मागे बसवलंत आणि नदीकाठच्या कच्च्या रस्त्यावर गाडी अशी हाणलीत, अशी हाणलीत, की माझं डोकं तीनदा छताला लागलं. परत आलो. गुरुजींच्या देखत विचारलंत, "कळलं?" मी म्हणालो, कळलं. "काय कळलं?" मला सांगता येईना. तुम्ही म्हणालात, "म्हणजे नाही कळलं," आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. त्या रात्री जेवताना ती तुमच्या ताटात ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी वाढते आहे, डोक्यावरून पदर, नवी सून, सासऱ्याशी बोलायची अजून भीती. तरी हळूच विचारते, "ह्यांनी काय केलं अण्णा?" आणि तुम्ही मिरचीचा ठेचा भाकरीला लावत म्हणता, "काही केलं नाही. तेच तर केलं." ती पदरात तोंड घालून हसली. मला तेव्हा तुमच्या दोघांचाही राग आला होता.

आता माझी अक्कल ऐका. सहा-सात वर्षांपूर्वी हिने घरी केळीचे चिप्स करायला घेतले. हळूहळू चांगलाच जम बसला. माहेराहून, फोपनारहून, तिचा भाऊ कच्ची केळी पाठवायचा, कधी आम्हीच जाऊन आणायचो. मागची सीट पाडून क्रेट भरायचे, वर तेलाचे डबे. छोटी गाडी, तिचं कंबरडं बसायचं, मागचा बंपर स्पीडब्रेकरला घासायचा. मग मी तेच केलं जे आपल्याकडे सगळे करतात. मागच्या दोन्ही स्प्रिंगांच्या वेढ्यांत जाड रबर ठोकून बसवले. गाडी मागून उचलली गेली, केळी भरली तरी ताठ. मी खूश. तीही खूश. पुढे ती आजारी पडली, कढई माळ्यावर गेली, क्रेट तिच्या भावाने परत नेले. रबर तिथेच राहिले. मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

आणि त्या रबरांनीच मला फसवलं. मला म्हणजे कोणाला, तर तीस वर्षं दुसऱ्यांचे शॉकर तपासणाऱ्याला! ती पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच म्हणाली होती, "मागून खडखड येते हो. खालून कोणी लाथ मारल्यासारखं वाटतं." मी डिक्कीवर दोन्ही हात ठेवले, दाबलं, सोडलं. शॉकर गेलेला असला की गाडी झुलत राहते, हे तुम्हीच शिकवलेलं. गाडी झुलली नाही. झुलेल कशी, रबरामुळे स्प्रिंग दाबलीच जात नव्हती! मी खाली वाकून पाहिलंसुद्धा नाही. म्हणालो, "गाडी ठीक आहे. रस्त्याचं काम चालू आहे, जिकडेतिकडे डायवर्सन, त्याला मी काय करू?" तिने पुन्हा विचारलं नाही. तोंडात टॉवेलचा बोळा धरून पडून राहायची. असीरगडचा घाट सुरू झाला की तिचा आवाज यायचा, दातांतून निघालेला, आणि मी पुढे बसून म्हणायचो, "जरा धीर धर ना, आता झालंच." आरशात मला तिचे फक्त पाय दिसायचे. एकदा तर मी चिडून म्हणालो, अगं हे दुखणं आजाराचं आहे, गाडीचं नाही. असं म्हणालो मी, अण्णा. माझ्या जिभेला काही झालं नाही.

परवा मुलीने शाळेतून सुट्टी घेतली होती. तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा सात वर्षांची होती, आता तीच मुलांना शिकवते. जाताना नेहमीसारखा मीच चालवत होतो, ती माझ्या शेजारी, कारण मागे आईला पसरायला जागा लागते. इंदूरला हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर माझा पाय घसरला, उजवं मनगट चांगलंच सुजलं. येताना मुलगी म्हणाली, "पप्पा, आप पीछे बैठो, मैं चलाती हूँ." मग मी मागे बसलो. हिचं डोकं मांडीवर घेतलं. इंदूर सुटलं, पहिलं डायवर्सन आलं, गाडी त्यात उतरली आणि माझ्या माकडहाडापासून मानेपर्यंत असा एक दणका गेला की मला घामच फुटला. मधे काही नव्हतंच. चाकाला जे लागत होतं ते तसंच्या तसं आमच्या अंगात येत होतं. शॉकर मेलेले, आणि वर माझ्या हाताने ठोकलेले रबर दगडासारखे. मला पहिल्याच खड्ड्यात कळलं. मी धडधाकट माणूस, मला ते सोसवेना. हिच्या तर मणक्याचं हाड आतून पोखरलंय.

"पप्पा, कुछ बोल क्यूँ नहीं रहे? मम्मी ठीक आहे ना?" मुलगी आरशातून विचारत होती. मी म्हणालो, हळू चालव. एवढंच निघालं तोंडातून. ती म्हणाली, "और कितना हळू?" आणि पुढचे चार-साडेचार तास मी त्या सीटवर बसून होतो. खाली उतरून काही करता येत नव्हतं, हात सुजलेला, जवळ पाना नाही, आणि ही डोळे मिटून म्हणत होती, "घरी चला, थांबू नका." प्रत्येक खड्ड्याला तिची बोटं माझ्या मांडीत रुतायची. अजून वळ आहेत. तेव्हा तुम्ही आठवलात. तुम्हालासुद्धा शेवटी दवाखान्यात मीच नेलं होतं, उधारीच्या जीपमध्ये, मागे गादी टाकून. अर्ध्या वाटेत मी विचारलं होतं, अण्णा, त्रास होत नाही ना? तुम्ही म्हणालात, "गाडी चांगली आहे रे." आयुष्यभर कोणाच्या गाडीला चांगली न म्हणणारे तुम्ही. मी किती वर्षं ते शाबासकी म्हणून सांगत फिरलो! खरं सांगा, लागत होतं ना तुम्हाला?

काल सकाळी मनगटाला फडकं गुंडाळलं आणि गाडी घेतली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. चाकं काढली, खाली दिवा धरला. दोन्ही शॉकर तेलाने ओले, त्यावर धुळीचा थर बसून जाड लोणी झालेलं. एक नजर टाकली असती तरी दिसलं असतं! खालचे बोल्ट गंजलेले, डिझेल सोडून तासभर थांबावं लागलं. वरचा नट डिक्कीच्या कडेला, पुठ्ठा काढून आत. पाना फिरवला की आतली दांडीच फिरायची, तिला दुसऱ्या पान्याने धरायचं, आणि माझा उजवा हात तर उचलत नव्हता. दुखत होतं. बरं वाटत होतं दुखत होतं ते. जुना शॉकर हातात घेऊन अंगठ्याने दाबला तर लोण्यात गेल्यासारखा आत गेला आणि आतच राहिला. मग ते रबर. पहारीने ओढून काढले आणि नाल्यात फेकले. नवे शॉकर उभे धरून चार-पाचदा वरखाली केले, हवा काढली, बसवले. खालचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळले, तुम्ही सांगायचात तसे, नाहीतर आतले रबरी बुश पिळून मरतात. तुमचं सगळं मला येत होतं अण्णा. एवढं एक सोडून सगळं.

आज सकाळी तिला म्हणालो, इंदूरला नको, नुसती बहादरपुरापर्यंत चल. पंधरा मिनिटं. गाडी कशी झाली ते तू सांग. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. तुम्ही मागे बसणार असाल तर." मुलीने चालवली. मी मागे, तिचं डोकं मांडीवर. रस्ता आपला तोच, खड्डे तेच, पण गाडी त्यात उतरायची आणि मऊ बाहेर यायची. तिची बोटं माझ्या गुडघ्यावर होती आणि ती सैलच राहिली. मी श्वास धरून होतो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पाण्याच्या पाइपाशी कोणी पाय धूत होतं. खाली पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले. मी घाबरलो, पण नाही, ती झोपली होती. त्या सीटवर पहिल्यांदा झोपली होती. मुलगी आरशातून बघून हसली. मला रडू आलं. आनंदाने आलं, मी खोटं कशाला बोलू.

गावाजवळ ती जागी झाली. "झोप लागली होती का मला?" मी म्हणालो, हो, घोरत होतीस. आणि लगेच, मूर्खासारखा, "मग बुधवारी जायचं ना? आता काही त्रास नाही. घाटातसुद्धा कळणार नाही तुला."

तिने सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "गाडी चांगली केली तुम्ही. आता मला फोपनारला न्या. आईकडे."

"नेतो ना. बुधवार होऊ दे, गुरुवारी नेतो."

"बुधवार नाही. आणि परत बी आणायचं नाही."

मुलीने गाडी कडेला घेतली. "मम्मी, ऐसा मत बोलो ना प्लीज. बरी होशील तू."

"तू गप बैस," ती मुलीला म्हणाली, पण मायेने. आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हिशेबी बाईसारखी, "इतके दिवस दुखायचं ना, तर मला वाटायचं, दुखतंय म्हणूनच मी नाही म्हणते. भ्याली म्हणून. आज काही दुखलं नाही. छान झोप लागली. तरी बी माझं उत्तर नाहीच आहे. म्हणजे माझं खरंच नाही आहे. हो ना?"

 मी "बरं" म्हणालो. मुलगी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडत होती आणि ही तिची पाठ थोपटायला हात पुढे नेत होती, पोचत नव्हता, म्हणून मी तो हात धरून पुढे नेला. उद्या सकाळी फोपनार. तिच्या भावाला फोन केला. तिची आई ऐंशीच्या पुढे आहे, तिला अजून काही सांगितलेलं नाही, नुसतं मुलगी येते म्हटल्यावर तिने खोली सारवायला घेतली म्हणे.

मुलीला वाटतंय बापाला धक्का बसला, म्हणून तो गॅरेजात येऊन एकटा बसलाय. बसू दे वाटायला. धक्का बसेल, उद्या-परवा बसेलच. पण ती नाही म्हणाली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते मी तिला सांगणार नाही, मुलीला सांगणार नाही, आणि हा कागदही घडी करून चुलीतच घालणार आहे. तिथे गाडीत, तिचं डोकं मांडीवर असताना, मला आधी वाटलं, सुटलो. आता घाट नको, तो आवाज ऐकायला नको. लाज वाटली अण्णा, लगेच वाटली. पण ती नंतर वाटली.