बाबांच्या पिस्तुलाचा ट्रिगर

बाबा, परवा मी तुमच्या पिस्तुलाला नवा ट्रिगर बसवला. तुम्ही गेल्याला आता बरीच वर्षं झाली. तेवढी सगळी वर्षं ते माझ्या बेसमेंटमधल्या तिजोरीत सुट्या भागांच्या डब्यासकट नुसतं पडून होतं.

शॉमबर्ग गावातल्या आपल्या घरातलं किचन आठवतंय. रिटायर झाल्यावर बाकीचे काका गोल्फ खेळायला लागले आणि तुम्ही नेमबाजीच्या क्लबात जायला लागलात. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून तुम्ही पिस्तूल साफ करायला बसता. आई म्हणते, "जेवतो तिथे हे कशाला हो?" तुम्ही म्हणता, "इथे उजेड चांगला येतो." गोळ्या मात्र गॅरेजमध्ये, कुलपात. ज्या खोलीत काम चालू आहे तिथे एकही गोळी नको, हा तुमचा कायदा. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग वरची सरकती स्लाइड मागे ओढून आत बघायचं आणि शिवाय करंगळीनं चाचपायचं. एकदा तुम्ही ते माझ्या हातात दिलंत आणि मी न बघताच घेतलं. "आत्ताच तर तुम्ही चेक केलंत, बाबा." तुम्ही ते परत काढून घेतलंत. "मी केलं. तू नाही केलंस. या बाबतीत माझ्या शब्दावरसुद्धा विसंबून राहायचं नाही." तिशी उलटलेली बाई मी, तरी डोळ्यांत पाणी आलं. इतक्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हतात.

मग बोटांचे सांधे दुखायला लागले, मूळचा ट्रिगर जड जायला लागला, म्हणून तुम्ही त्याच मॉडेलचे, हलक्या ट्रिगरचे नवे पार्ट मागवलेत. मी समोर बसले होते. सगळं बसवून झाल्यावर तुम्ही रिकाम्या पिस्तुलाची तपासणी सुरू केलीत. गोळी उडवणारा मागचा हॅमर मागे घेतला, सेफ्टीचा खटका लावला, ट्रिगर दाबून पाहिला. हॅमर जागचा हलला नाही. मग सेफ्टी काढलीत, ट्रिगरला बोटसुद्धा लागलं नव्हतं, आणि हॅमर खाडकन पडला. गोळी असती तर ती सुटली असती. आई ओट्यापाशी उभी होती. तुम्ही सगळं परत उघडलंत. एक छोटा तुकडा चिमटीत धरून बघत राहिलात. "हा कुठे बसतो गं?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेताय. जन्मभर मशिनची डिझाइनं करणारा माणूस! पण तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझं हसू विरलं. तुम्ही एकेक भाग डब्यात टाकलात आणि म्हणालात, "हे आजच घेऊन जा. रीतसर तुझ्या नावावर करून घेऊ."

"अहो, एवढं काय झालं?" आई म्हणाली.

"मी विसरायला लागलोय. मला कळतंय तोवर ते घराबाहेर जाऊ दे."

डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं ते नंतर. आमच्या आधी तुम्हाला कळलं होतं, आणि ते तुम्ही एकट्यानंच समजून घेतलंत, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे केअर होममध्ये तुम्ही माझं नाव विसरलात, पण मी भेटायला आले की हळूच विचारायचात, "रिकामं आहे ना?" मी म्हणायचे, "हो बाबा, रिकामं आहे." काय रिकामं, ते तुम्हाला सांगता यायचं नाही. तेवढ्यानंच तुम्ही शांत व्हायचात.

परवा डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून, पिस्तुलाच्या कंपनीची आकृती समोर ठेवून मी डब्यातले ते पार्ट बसवले. दोनदा चुकले, दोनदा उघडलं. सगळ्या तपासण्या नीट उतरल्या, तरी स्वतःवर विसंबले नाही. बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या आधी आत पाहिलं, मग बराच वेळ तपासलं. "नाइस वर्क. कोणी केलं?"

काम माझं होतं, बाबा. पण तोंडातून निघालं, "माय डॅड." आणि ते मी दुरुस्त केलं नाही.