साहेबांची मागची सीट

२ मार्च
आली! आमच्या मोठ्या साहेबांची जुनी गाडी आज माझ्या नावावर झाली. नोकरीभर ही फाटकातून आत शिरताना दिसली की मी खुर्चीतून उठून उभा राहायचो. आज बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये लावली, उतरलो, आणि तिच्यासमोर पुन्हा तसाच उभा राहिलो. सवय.
संकल्प : पहिला लांबचा प्रवास आमच्या हिच्या, म्हणजे बायकोच्या, ताईकडे. दोघी बहिणी दोन वर्षं भेटलेल्या नाहीत. बसच्या पायऱ्या हिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. हिला म्हटलं, आता बसचं नाव काढायचं नाही. ही म्हणाली, आधी गल्ली तर ओलांडू द्या.

५ मार्च
बाजारापर्यंत चालवली. मजा आली नाही. खूप विचार केल्यावर कारण सापडलं. ही गाडी चालवायची नाहीच, हिच्यात बसायचं असतं! सगळं सुख मागे. वाचायचा दिवा मागे, बटण दाबलं की सुर्रकन वर जाणारा पडदा मागे, हात टेकायची गादी मागे. पुढे नुसता घाम.
पण मी मागे बसलो तर चालवणार कोण?

६ मार्च, संध्याकाळ
तोडगा निघाला. गाडी उभी असतानाच मागे बसायचं! किल्ली अर्धी फिरवून ठेवली की दिवा, पंखा, पडदा सगळं चालतं. तासभर पेपर वाचला. सकाळी घरी वाचलेलाच, पण इथे बातम्या जास्त महत्त्वाच्या वाटल्या.
मागचं दार आतून उघडत नाही. काच खाली करून, बाहेर हात घालून उघडावं लागतं. मेकॅनिक म्हणाला, लहान मुलांसाठीचं लॉक अडकलंय, काढून देतो. म्हटलं, राहू दे. साहेबांनी कधी स्वतःच्या हाताने दार उघडलं होतं?

१९ मार्च
ताईकडे निघालो. म्हणजे निघालो नाही. बॅटरी उतरलेली. ही तयार होऊन जिन्यात बसली होती. हल्ली मालच असा येतो. नवी बॅटरी टाकली.

११ मे
पुन्हा ताईकडे. पुन्हा बॅटरी. मेकॅनिकने विचारलं, काका, रात्री एखादा दिवा चालू राहतो का? म्हटलं, राहिला असता तर मला दिसला नसता का? मी रोज संध्याकाळी तिथेच तर असतो! त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अज्ञान उघडं पडलं की माणूस असा बघतो.

८ जुलै
साडूंचा फोन. माझ्या गाडीने येऊन मेहुणीला घेऊन जाऊ का, म्हणाले. त्यांची ती काडेपेटी! नम्रपणे नकार दिला. आपल्या दारी हत्ती झुलत असताना दुसऱ्याच्या शेळीवर कशाला बसायचं?
रात्रीच्या जेवणात मीठच नव्हतं. ही विसरली असावी.

३० ऑगस्ट
शेजारचे मास्तर काचेवर टकटक करून म्हणाले, काय साहेब, आज कुठे दौरा? म्हटलं, सध्या मुख्यालयातच. मास्तरांच्या मनात माझ्याविषयी आदर वाढलेला दिसतो.

२ ऑक्टोबर
ताई घसरून पडल्या. पाय प्लॅस्टरमध्ये. आता त्यांना सोडून साडूंना लांब येता येत नाही. हिने नुसती बॅग भरून दाराशी ठेवली.
म्हटलं, रविवारी नक्की. हिने कोणता रविवार, हेसुद्धा विचारलं नाही. ते जास्त लागलं.

१० ऑक्टोबर, शनिवार
तिसरी बॅटरी. हवा भरली, काचा पुसल्या. उद्या पहाटे निघायचं. संध्याकाळी मागे बसून सगळी यंत्रणा तपासली. दिवा उत्तम. पंखा उत्तम. पडदा चाळीसएक वेळा वर-खाली केला, उत्तम. मध्ये जरा डोळा लागला. हिने जेवायला हाक मारली तेव्हा उठलो.

११ ऑक्टोबर, रविवार, बसमध्ये
हिच्या आधीच खाली उतरलो. अजून वेळ होता, म्हणून मागे बसलो. डास होते, म्हणून काचा वर, पंखा चालू, दिवा चालू. दिवा पिवळा झाला. मग लाल. मग काहीच नाही.
काच खाली होईना. दार आतून उघडेना. हॉर्न वाजेना. पुढच्या सीटवर चढून जायचा प्रयत्न केला; एक पाय गेला, उरलेला मी गेलो नाही.
ही बॅग घेऊन आली. बाहेरून दार उघडून धरलं. अगदी साहेबांसाठी धरायचे तसं. म्हणाली, उतरा, बसची वेळ झाली.
आणि गुडघ्यावर हात ठेवून तीच आधी बसमध्ये चढली.
जागा मिळाली ती सगळ्यात मागे. दिवा नाही, पडदा नाही. बॅटरी बनवणाऱ्यांबद्दल मी दोन शब्द बोललो. ही म्हणाली, अहो, रोज त्या दिव्याखाली कोण बसतं, ते मला वरून खिडकीतून दिसायचं. म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तेवढा तासभर घर शांत असायचं.


तोच दिवस, दुपार
बसस्टँडवर साडू काडेपेटी घेऊन हजर. ताईंना घरात धीर निघेना, म्हणून त्याही आलेल्या. प्लॅस्टरचा पाय मागच्या सीटवर आडवा. ही त्यांच्या पायाशी कशीबशी शिरली. दोघी एकदम बोलू लागल्या, एकदम रडू लागल्या, आणि मग माझ्याकडे बघून एकदम हसू लागल्या.
पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली.
मागे जागा नव्हती. मी पुढे बसलो.