कूलरमधलं घरटं

आई, कूलरमध्ये पाणी भरण्याआधी मी अजूनही आत डोकावून बघते. घरातले हसतात. हसू देत, त्यांनी तो उन्हाळा कुठे पाहिलाय? बाबांनी हौसेनं कूलर घेतला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, चैत्र सरता सरता, नवा वाळा भरायला त्यांनी मागची जाळी काढली, तर पंख्यामागे चार काड्यांवर होला बसलेला. होल्याचं घरटं म्हणजे आळशी माणसानं घातलेलं अंथरूण. त्यात दोन पांढरी अंडी. बाबांनी जाळी भिंतीला टेकवून ठेवली आणि आत येऊन म्हणाले, "यंदा कूलर बंद."

तू पेटलीस. बाबा रेल्वेच्या केबिनमध्ये रात्रपाळीला. रात्रभर सिग्नल द्यायचे आणि दुपारी झोपायचं, तेही नागपूरच्या वैशाखात, पत्र्याखाली. "तुम्हाले झोप नाही भेटली अन् रातच्याले डोळा लागला तं? गाड्या काय हे पाखरू सांभाळीन?"

"अवं, अंडे हायेत आत. आता कुठी नेईन ते बिचारं?"

"काहून, पुरं नागपूर झाडाइनं भरलं हाये. त्याले आपलाच कूलर भेटला?"

दोन-तीन दुपारी बाबा ओली चादर पांघरून तळमळले. मग एका सकाळी ते लालभडक डोळ्यांनी घरी आले आणि चहाचा कप हातात धरूनच पेंगायला लागले, तशी तू स्टूल घेऊन थेट अंगणात. घरटं उचलून कडुलिंबावर ठेवणार होतीस. मी मागे रडवेली उभी. तू हात आत घातलास. होला उडाला नाही. अंग फुगवून त्यानं तुझ्या हातावर पंख मारला आणि पुन्हा अंड्यांवर बसला. तू हात मागे घेतलास. मग उतरून म्हणालीस, "मरनाचं ढीट हाये वं. जा, माळ्यावरची ताटी काढ."

कूलर येण्याआधीची ती वाळ्याची ताटी तू दारात बांधलीस आणि रोज दुपारभर तिच्यावर गडव्यानं पाणी मारत बसलीस. ताटी वाळू दिली नाहीस, बाबांची झोप मोडू दिली नाहीस. शिवाय अंगणात मांजर आलं की चप्पल घेऊन धावायचीस. बाबा घोरताहेत, वाळ्याचा वास सुटलाय, आणि झोप येऊ नये म्हणून तू माझ्या कानाशी कुजबुजते आहेस. रामटेककडच्या तुझ्या गावी लहानपणी तू चिंचेवर चढलीस, उतरता येईना, म्हणून अर्धं गाव खाली घोंगडी धरून तुला रागावत उभं. हसू आवरेना तेव्हा आपण दोघींनी तुझाच पदर तोंडात कोंबलाय. एरवी तुझं माझ्याशी बोलणं म्हणजे वेणी घाल, भांडी घास, अभ्यास कर. तूही कधी कुणाची बोलणी खाल्ली होतीस, हे मला त्या दुपारींनी सांगितलं.

पिल्लांना पिसं आली आणि एका सकाळी घरटं रिकामं. बाबांनी लगेच वाळा भरला, मोटर घरघरली, बाबा गार हवेत झोपले. तूही कितीतरी दिवसांनी फरशीवर पदर पसरून गाढ झोपलीस. मी शेजारी मुसमुसत होते. तू डोळे न उघडताच मला जवळ ओढलंस. "काहून रडून राहिली वं? पुढच्या साली येतीन ते परत."

मी मान डोलावली. ती पिल्लं आठवली की आजही बरं वाटतं, पण तू गेलीस तिथे हे पत्र पोचवणारी पेटीच नाही, म्हणून खरं ते इथेच सांगून टाकते. पाखरांसाठी नव्हते रडत मी, आई. मला तू अजून थोड्या दुपारी जागी हवी होतीस.