डिस्क गार होईपर्यंत

बाबा, लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा मला सगळ्यात जास्त धाक तुमचा वाटायचा. तुम्ही रागावत नव्हता, पण बोलतही नव्हता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली नोकरी संपून वर्ष झालं असेल. सकाळचा पेपर, दुपारची झोप आणि संध्याकाळी नाशिकरोडच्या बाजारापर्यंत फेरी, एवढंच तुमचं. तुमचा मुलगा अंबडला कारखान्यात, शिफ्टवर. मी सायखेड्याची, पदवी आणि वर कॉम्प्युटरचा कोर्स झालेली. मला नोकरी करायची होती. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, "बाहेर नको. घरात बसून काय करायचं ते कर." तुम्ही पेपरातून डोकंही वर काढलं नाहीत. आणि पुढच्याच आठवड्यात स्कूटरवर पायांपाशी कॅबिनेटचं भलंमोठं खोकं ठेवून, गुडघे फाकवून गाडी चालवत घरी आलात.

तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही, सुटे भाग आणून आपणच जोडायचा, हा हट्ट तुमचा. दिवाणावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही मदरबोर्ड, हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह असं सगळं मांडलंत. स्क्रू तुम्ही फिरवायचे आणि विंडोज मी टाकायची, अशी वाटणी न बोलता होऊन गेली. तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा आपण एकमेकांकडे बघून नुसते हसलो. मग शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक चहाला आलेले असताना त्यांनी स्मरणिकेचा विषय काढला आणि तुम्ही म्हणालात, "आमची सून करून देईल." मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. या घरात माझ्या नावावर कुणी शब्द दिल्याचं ते पहिल्यांदाच ऐकत होते.

स्मरणिका संपत आली आणि एका दुपारी स्क्रीन गोठली. आतून टक्, टक् असा आवाज, आणि मशीन पुन्हा चालू केलं तर हार्ड डिस्क सापडतच नाही. सगळी पानं त्या एकाच डिस्कवर होती, दुसरी प्रत काढायचं मला सुचलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "पॉवर सप्लाय. विजेचाच दोष आहे." मी म्हणाले, "बाबा, मला वाटतं डिस्कच..." तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. "तू टायपिंगचं बघ. विजेचं मला शिकवू नकोस." आई तिथेच बसल्या होत्या. मी आत गेले आणि गरज नसताना कणीक मळत बसले.

तुम्ही पॉवर सप्लाय बदललात. मशीन सुरू झालं, तुम्ही स्वयंपाकघराकडे एक नजर टाकलीत, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच टक्, टक्. मग केबल बदललीत. पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, डिस्क गेली, नवी घ्या. तुम्ही चिडलात, "गेली म्हणजे कुठे गेली? सकाळी तर चालते!" त्यात लोडशेडिंग. दिवे गेले की समोरचे काका गॅलरीतून ओरडायचे, "साहेब, एकलहऱ्याला जरा फोन लावा की!" एरवी तुम्ही काहीतरी परतवलं असतं. त्या दिवसांत तुम्ही आत निघून जात होता.

'सकाळी तर चालते', हे तुमचंच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. लाईट जाऊन आली की तेव्हाही ती काही वेळ चालते, हे मी पाहिलं होतं. मग ती बंद पडल्या पडल्या मी मशीनची पिन काढली, कॅबिनेटमध्ये हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. "बाबा, हे लय तापलंय! हात ठेववत नाय!" तुमच्या घरात मी प्रत्येक शब्द तोलून, शहरातल्यासारखा बोलायचे. त्या क्षणी अख्खं सायखेडा तोंडातून बाहेर पडलं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि मोठ्याने हसलात. "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?" तुम्ही डिस्कबद्दल विचारत होता की माझ्या बोलण्याबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही वाकून आत पाहिलंत. डिस्क सीडी ड्राइव्हला अगदी खेटून बसवलेली, वारा लागायला जागाच नाही. "मीच कोंडली की हिला," असं पुटपुटलात, आणि मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात. "सांग आता. काय करू?" बाबा, माझ्या माहेरीही मला असं कुणी विचारलं नव्हतं.

आपण तारा जोडलेल्याच ठेवून डिस्क बाहेर काढून लाकडी पाटावर ठेवली, तिच्यावर टेबल फॅन लावला. चालेल तेवढा वेळ फ्लॉपीवर पानं उतरवून घ्यायची, आवाज सुरू झाला की बंद करायचं आणि गार होईपर्यंत थांबायचं. तुम्ही दुपारची झोप सोडलीत. त्या थांबण्यात तुम्ही मला बॉयलरच्या गर्मीबद्दल सांगितलंत, गोदावरीचा पूर आमच्या गावात कुठपर्यंत येतो ते विचारलंत. आई चहा घेऊन आल्या. "तुमचा डबा अजून दम खातोय का?" म्हणाल्या आणि तिथेच टेकल्या. शेवटचे काही लेख राहिले असताना डिस्क कायमची गेली. नवी डिस्क आणल्यावर आईंनी ते लेख हस्तलिखितातून मोठ्याने वाचले आणि मी टाइप केले. मध्येच थांबून त्या म्हणायच्या, "हे काय लिहिलंय मेल्याने, दोनदा तेच!" स्मरणिका छापून आली तेव्हा मुख्याध्यापक तुमचे आभार मानायला आले. तुम्ही म्हणालात, "मला काय सांगता? तिला सांगा. मी पंखा धरला होता."

त्यानंतर कामं येत गेली. बाहेरच्या खोलीत माझं टेबल कायमचं मांडलं गेलं. बाहेर नोकरीचा विषय मीच सोडून दिला. आणि मग काही वर्षांनी, चहाचा कप हातात असताना, तुम्ही गेलात.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. आईंना सावरायचं होतं, माझी लेक अंगावर पिणारी होती, आल्यागेल्याचा चहा माझ्याकडे होता. सगळे म्हणाले, सून खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते, बाबा. रडायला वेळ मिळाला नाही, आणि नंतर सासऱ्यासाठी इतक्या उशिरा रडायचं तर कारण काय सांगायचं, म्हणून ते राहूनच गेलं. हे पत्र मी ह्यांनाही दाखवणार नाही. काल लेकीचा लॅपटॉप बिघडला म्हणून दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, डिस्क गेली, नवी घ्या. परत येताना रिक्षात मला एकदम रडू फुटलं, आवरेचना. लेक घाबरली. माझा हात धरून म्हणाली, "आई, अगं एवढं काय, नवीन घेऊ ना." मी डोळे पुसले आणि हो म्हणाले.