शिलाई मशीनची अट

मी, अंजना देवाप्पा कांबळे, वय ५७, धंदा शिवणकाम, राहणार निपाणी, कोणाच्या दबावाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहिते. दोन वर्षांमागं माझा डावा स्तन कॅन्सरपायी काढला. औषधं चालू आहेत, भूक लागते, भांडायची ताकदही आहे. हे वाचून कोणी रडायला बसू नये.

१. राहतं घर मुलगी उपासना आणि मुलगा दीपंकर यांना समान. जावयानं मधे बोलू नये.

२. कात्री उपासनाला. बँकेत साहेब झाली, तरी बटण तुटलं की माझ्याकडेच येते.

३. बेळगावच्या खडेबाजारातून आणलेली शिलाई मशीन धाकटी जाऊ मालुबाई हिला. मोरीच्या पाण्यावरून नऊ वर्षं आमचा अबोला होता. तिनं मला काय काय म्हटलं ते मी विसरलेली नाही. पण शिवणाला हात तिचाच चांगला. अट एकच: आधी तिनं छाती तपासून घ्यावी. गेल्या महिन्यात ती ब्लाऊज शिवायला टाकायला आली. माप घेताना काखेजवळ टेप टेकला तशी कळवळली. "भाचीचं लगीन हुंदे, मग बघू," म्हणाली. मीही असंच केलं होतं. शेकडो बायकांची मापं घेतली आणि स्वतःची गाठ हाताला लागली तर म्हटलं, लग्नसराई आटपू दे. चार महिने घालवले. त्याचा मला अजून राग येतो, माझाच.

४. माझ्यामागं त्रिसरण-पंचशील म्हणावं. धाकट्या दिरांना भाषण करू देऊ नये, ते लवकर संपवत नाहीत.

५. सहीआधी हे सगळं मालुबाईला वाचून दाखवलं. "जित्तेपणी वाचून दाखवत्यात व्हय गं कुणी?" म्हणून ती लई भांडली. दुसऱ्या दिवशी मात्र पहिल्या बसनं माझ्यासोबत बेळगावला आली. तपासणीला तुकडा दिला; आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला पुन्हा गेलो, गाठ कॅन्सरचीच निघाली. लहान आहे, वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परतताना दोघी बसमध्ये रडलो. तिचं ऑपरेशन बुधवारी आहे.

"आक्का, अट तर पुरी केली. मशीन कवा देतीस?" तिनं विचारलं.

"मी मेल्यावर," मी म्हटलं. "आणि मरायला येळ न्हाय मला. ऑपरेशननंतर तुझा हात मोकळा हुईपर्यंत तू मापं लिही, मी शिवते."

वरचं सगळं माझ्या मर्जीनं लिहिलं आहे. हे उघडायची कोणी घाई करू नये.

सही: अंजना देवाप्पा कांबळे
साक्षीदार: १. गुणाबाई (शेजारीण) २. नागेंद्र (शेजारचे दुकानदार)
निपाणी, १९ जानेवारी २०२६