डोकं खाली, दोन फेरे

३ फेब्रुवारी
ताईच्या पाठीवर इस्त्रीचा आख्खा त्रिकोण! "चुकून लागली," म्हणे. पाठीला? भावजी समोर पेपर वाचत बसलेला. मी चहा पिऊन मुकाट्यानं परत आलो. थू माझ्यावर!

५ फेब्रुवारी
ताई आली होती. ऑपरेशनला भूल कशी देतात, विचारत होती. माझ्या कामाचं कुणी विचारत नाही, त्यामुळे मी सुटलोच! बाटलीत पाणी भरलं, आडवी धरली, आत मधाचा थेंब सोडला. हे कण्यातलं पाणी, हे औषध. औषध जड, उतार असेल तिकडे सरकतं. डोकं खाली केलं की पोटाकडे, छातीकडे चढतं. म्हणून ऑपरेशनच्या टेबलाचं हँडल फिरवणारा वॉर्डबॉय महत्त्वाचा — म्हणजे अस्मादिक!
हसली नाही. "आणि फारच वर गेलं तर?"
"हात लुळे पडतात. मग श्वास. पहिली पंधरा-वीस मिनिटं जपायचं, मग औषध जागच्या जागी बसतं."
तिनं बाटली घेतली आणि स्वतः कलती करून पाहिली.

२७ फेब्रुवारी
ताईचे पुढचे दोन दात गेले. "नळावर आपटले." नळाला बुक्की असते हे आजच कळलं. मारून टाकीन एक दिवस.

९ मार्च
भावजीचं हर्नियाचं ऑपरेशन. गावात चार दवाखाने, पण स्वारी आमच्याकडेच येणार. सोमवारी. टेबलावर मीच.

१६ मार्च
भूलवाल्या डॉक्टरबाईंनी पाठीत इंजेक्शन दिलं, त्याला उताणा केला. "डोकं खाली, दोन फेरे." दिले. बधिरपणा कुठवर चढलाय ते बाईंनी पोटावर बर्फ टेकवून पाहिलं. "बास, सरळ कर." आणि सलाईन बघायला वळल्या.
मी सरळ केलं नाही. आणखी चार फेरे दिले — खालीच!
"बोटांना मुंग्या येतायत रे," तो म्हणाला. मी त्याची मूठ हातात घेतली. हीच ती, दात पाडणारी. ओल्या फडक्यासारखी पडली होती. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला! एकेक बोट मागे वाकवून मोडावंसं वाटलं. मग त्याचा आवाज गेला. ओठ हलत होते, छाती हलत नव्हती. डोळे माझ्यावर. ताई इस्त्रीखाली अशीच बघत असेल.
आणि कसं कोण जाणे, मी हँडल गरागरा उलटं फिरवलं, ओरडलो, "बाई, श्वास थांबला!"
बाईंनी घशात नळी घातली. दोन तास पिशवी दाबून त्याला श्वास दिला. मध्येच त्यांनी टेबलाकडे पाहिलं. सरळ होतं.

१८ मार्च
भावजी माझा हात धरून ढसाढसा रडला. "तू ओरडलास म्हणून वाचलो! आता तुझ्या बहिणीला फुलासारखं जपेन." पकड चांगलीच परत आली आहे. वाटलं, झालं ते बरंच झालं.

२० मार्च
त्याला घरी सोडलं. रिक्षात बसवून ताई एकटी माघारी आली. तोंडावर पदर धरूनच बोलली.
"त्याला दुसरीकडे जायचं होतं. तुझ्याच टेबलावर यावा म्हणून महिनाभर मागे लागले. दात त्यापायी गेले माझे." मग म्हणाली, "सरळ का केलंस?"